यादी नको, वर्ग द्या

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक, आणि गॅदरिंगची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडली आहे ते सगळे सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की माझा फोन वाजायला लागतो. कधी बार्शीहून, कधी मंगळवेढ्याहून, कधी इथूनच विडी घरकुलाच्या बाजूने. "मॅडम, मुलांच्या नाटकासाठी डिसेंबरातला कुठला आठवडा मोकळा आहे?" मी वही उघडते, आठवडा ठरतो, राहण्या-जेवणाचं ठरतं, आणि फोन ठेवता ठेवता पलीकडून हमखास एक वाक्य येतं, "तुम्ही काळजीच करू नका, आम्ही चांगली चांगली पोरं काढून ठेवतो."

हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. कृपा करून पोरं काढून ठेवू नका.

ज्यांच्याकडे आम्ही अजून आलो नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही दोघं आहोत. मी, आणि पेटी, ढोलकी, लाइट, गाडी असं सगळं सांभाळणारे माझे एक सहकारी. त्यांना पोरं दुसऱ्याच दिवशी मामा म्हणायला लागतात. आमच्याकडे एक छोटा हत्ती टेम्पो आहे. त्यात सहा लेव्हल म्हणजे मंचावर मांडायचे चौथरे, घडीचा काळा पडदा, चार पार लाइट, एक डिमर, कपड्यांच्या तीन पेट्या आणि राजाचा पलंग. पलंगाचे पाय स्क्रूचे आहेत, नाहीतर तो गाडीत मावत नाही. रविवारी संध्याकाळी गावात पोचायचं, सोमवारी मुलं निवडायची, शनिवारी प्रयोग करायचा, रविवारी पुढचं गाव. चाळीस मुलं, पाऊण तासाचं नाटक.

ही रीत माझ्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यात मिझुला नावाचं शहर आहे. तिथली मिझुला चिल्ड्रन्स थिएटर ही संस्था १९७० साली सुरू झाली आणि कितीतरी वर्षं गावोगाव हेच करत आली आहे. दोन दिग्दर्शक, एक गाडी, गाडीत अख्खा सेट आणि पन्नास-साठ मुलांचे कपडे. सोमवारी निवड, आठवडाभर तालीम, आठवडा संपता संपता प्रयोग. दोघांपैकी एक जण स्वतः नाटकात काम करतो. हे शेवटचं मला फार आवडलं, कारण ज्याची एन्ट्री चुकली त्याचा हात धरून त्याला जागेवर आणायला मंचावरच एक मोठं माणूस लागतं. विंगेतून कितीही हातवारे केले तरी सात वर्षांचं पोर विंगेकडे बघत नाही, ते प्रेक्षकांतल्या आईकडे बघतं. म्हणून आमच्या नाटकात मी राजवैद्य असते. वैद्याच्या पिशवीत औषधं नसतात, संहिता असते.

नाटक साधं आहे. एका राजाची झोप उडते. डास, रातकिडे, घुबडं, पहारेकरी, गावातल्या आया असे सगळे येऊन त्याला झोपवायचा प्रयत्न करतात. पहिली-दुसरीची दहा मुलं डास, तिसरी-चौथीची रातकिडे, मोठी मुलं पहारेकरी आणि आया, आठवीतली चार जण मामांच्या हाताखाली पडद्यामागे. रचनाच अशी आहे की कुणाला एका दमात फार बोलावं लागत नाही. राजालासुद्धा नाही. तो बहुतेक वेळ जांभया देतो.

आता यादीकडे येते. तुमची यादी मला न वाचताही सांगता येईल. पहिली दोन नावं वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालेली. मग वर्गाचे मॉनिटर. मग ज्यांचं पाठांतर चोख आहे अशा पाच-सहा मुली. मग एखाद्या मॅडमचा मुलगा. शेवटी "डान्स चांगला करतो" म्हणून दोघं. या मुलांवर माझा काडीचा राग नाही, गुणी असतात बिचारी. पण हीच मुलं पंधरा ऑगस्टला भाषण करतात, हीच पाहुण्यांना गुलाब देतात, हीच विज्ञान प्रदर्शनात तक्ता धरून उभी असतात. डिसेंबरपर्यंत दमून गेलेली असतात. एका मुलीने मला सोमवारीच हळूच विचारलं होतं, "बाई, मी नाही म्हटलं तर चालेल का?"

एका शाळेत तर यादीत नावांपुढे भूमिकाही लिहिलेल्या होत्या. राजा कोण ते ठरलेलं होतं, कारण त्याच्या आजोबांनी स्टेजवरच्या पत्र्याला देणगी दिली होती. मी म्हटलं, राजा बुधवारी ठरतो. सर म्हणाले, आमच्याकडे शनिवारीच ठरला. शेवटी तो मुलगा राजा झाला, मला माघार घ्यावी लागली, आणि काम त्याने बरं केलं. फक्त पाचही दिवस बाकीची पोरं त्याच्याशी तालमीबाहेर एक शब्द बोलली नाहीत. शाळेचं नाव मी घेत नाही. पत्रा छान आहे, पावसात कामाला येईल.

मीही सगळ्यांना घेत नाही, हे आधीच कबूल करते. कपडेच चाळीस आहेत. निवड करावीच लागते. माझं म्हणणं एवढंच की ती कोणत्या मापाने करायची ते मला ठरवू द्या, आणि मला सगळा वर्ग दिसू द्या.

सोमवारी काय करते ते सांगते, म्हणजे शंका राहणार नाही. मुलांना एका लांब रांगेत उभं करते. प्रत्येकाने आपलं नाव आणि इयत्ता सांगायची, एवढंच. पहिल्यांदा मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं. दुसऱ्यांदा कुणीतरी आपला डबा खाल्लाय अशा रागात. तिसऱ्यांदा शेजारी तान्हं बाळ झोपलंय अशा आवाजात. या तिसऱ्या फेरीत मला जे हवं ते बहुतेक सापडतं. मात्र नाव सांगणाऱ्याकडे मी निम्मंच लक्ष देते, उरलेलं निम्मं ज्यांची पाळी अजून यायची आहे त्यांच्याकडे. कोण दुसऱ्याचं ऐकतंय, कोण ओठ हलवून मनातल्या मनात करून बघतंय, कोण पुढच्याची पडलेली टोपी उचलून देतंय. पाच दिवसांत नाटक उभं करायचं तर मला ऐकणारी मुलं लागतात. बोलायला मी शिकवते, तेवढं मला येतं.

ही निवड चालू असताना कृपया स्टाफरूममध्ये चहा घ्या. मागे खुर्ची टाकून बसलेल्या बाईंचा "ती नको मॅडम, ती बोलतच नाही" हा आवाज त्या मुलीलाही ऐकू येतो.

अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावातली गोष्ट. कर्नाटकची हद्द जवळ, घराघरांत कानडी, शाळा मराठी. यादीत नसलेली एक पाचवीतली मुलगी तीन दिवस तालमीच्या खोलीच्या खिडकीत उभी असायची. गज धरून, दप्तर पाठीवरच. मी आत ये म्हटलं की पळायची. त्या गावात मी यादी मान्य केली होती, नवी होते, सरांना दुखवायचं नव्हतं. बुधवारी आमचे डास पार बिथरले. दहा डास, त्यातले सहा पहिलीतले, मी मराठीत "गोल करा, गोल करा" ओरडतेय आणि ते माझ्या तोंडाकडे बघतायत. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "इल्ली बा, कुंद्रु!" इकडे या, बसा. सगळे डास टपाटपा खाली बसले, एका रेषेत. मी दार उघडलं आणि हात धरून तिला आत आणलं. शुक्रवारपर्यंत ती डासांची राणी झाली होती. हे पात्र संहितेत नव्हतं, मामांनी रात्री बसून पंख शिवले.

पुढे आणखी एक झालं. आया राजाला अंगाई म्हणतात त्या प्रवेशात मी मुलींना विचारलं, घरी कुठली म्हणतात? सगळ्या गप्प. शाळेत कानडी बोललं की ओरडा बसतो हे त्यांना पाठ. ही डासांची राणी मात्र कोपऱ्यातून गुणगुणायला लागली, आजीकडची. शब्द मला कळले नाहीत, फक्त शेवटी "जो जो" येत होतं. मग दुसरी म्हणाली, आमची आई पण असंच म्हणते. मी मूळची सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू. माझी अम्मा विड्या वळता वळता धाकट्याला पायाने झोका द्यायची आणि तिच्याही तोंडी "जो जो"च असायचं. मराठीतही तेच. प्रयोगात तिन्ही अंगाया एकापाठोपाठ म्हटल्या, आणि मधली कानडी सुरू झाल्यावर प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्या बायका खाली बसल्या बसल्या गाऊ लागल्या. तेव्हापासून तो प्रवेश तसाच आहे. शहरातल्या एका शाळेत त्यात दखनी उर्दूतल्या अंगाईची भर पडली.

हे मी इतकं लावून का धरते तेही सांगून टाकते. सहावीत असताना माझ्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला एक वाक्य मिळालं होतं. "महाराज, विहिरीला पाणी आलं." तालमीत मी म्हणाले, "पाणी आली." आमच्या तेलुगू घरातल्या मराठीत पाण्याला काय आणि दगडाला काय, लिंग जरा इकडेतिकडेच असायचं. वर्ग हसला. बाईंनी नाव खोडलं आणि ते वाक्य दुसऱ्या मुलीला दिलं. प्रयोगाच्या दिवशी पाणी बरोबर आलं. मी पडदा ओढायला होते. पडदा ओढता ओढता नाटकाचं वेड लागलं हे खरं, पण म्हणून मी त्या बाईंचे आभार मानावेत असं मला अजून वाटत नाही.

या जिल्ह्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा आहेत. मराठी शाळेतल्या मुलांच्या घरी यातली कुठलीही भाषा असू शकते. त्यात शेतावरची मराठी वेगळी आणि चौकातली "काय करायलास बे" वेगळी. शुद्ध बोलणाऱ्यांचीच यादी केली तर तिच्यात साधारण एकाच गल्लीतली मुलं येतात, बघा तपासून.

आणि दुसरी मुलं, जी कुठल्याच यादीत नसतात. ऊसतोडीची. आपल्या जिल्ह्यात कारखाने किती आहेत ते मी तुम्हाला सांगायला नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळ्या येतात, मार्चच्या आसपास पट्टा पडतो म्हणजे हंगाम संपतो, मुलं परत जातात. गॅदरिंग नेमकं त्यांच्या मुक्कामात असतं. माढा तालुक्यातल्या एका शाळेत अशी सात-आठ मुलं मागच्या भिंतीला टेकून बसलेली होती. मी विचारलं तर उत्तर आलं, "ती काय मॅडम, ती जाणार. त्यांचं नाव कशाला घालता?" अहो, पण शनिवारी तर इथंच आहेत ना! दोन-तीन महिने तालीम लागणाऱ्या नाटकात त्यांना घेता येत नाही हे मला समजतं. पाच दिवसांचं नाटक त्यांना बरोबर पुरतं.

त्यातला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा रातकिडा झाला. ट्रॅक्टर चढाला लागल्यावर कसा घुरघुरतो ते तो इतकं हुबेहूब काढायचा की मामा दोनदा बाहेर बघून आले. गुरुवारी मी मुलांना सहज विचारलं, राजाला झोप येत नाही, तुम्ही काय सांगाल? कुणी म्हणालं दूध द्या, कुणी म्हणालं मोबाइल काढून घ्या. हा म्हणाला, "त्याला ट्रॉलीत वाढ्यांवर झोपवा. मला लगेच येते." वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ते वाक्य नाटकात गेलं आणि अजून आहे. जिथं जिथं ऊस आहे तिथं त्यावर सगळ्यात मोठा हशा येतो. वाक्य ज्याचं आहे तो आता कुठल्या टोळीबरोबर कुठल्या फडात आहे ते मला माहीत नाही.

राज्य बालनाट्य स्पर्धेला तुम्ही मुलं निवडून नेता, महिना-दोन महिने घासून तालीम घेता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः त्या स्पर्धेत मुलं उतरवली आहेत. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या त्या मंचावर निवडक मुलंच हवीत. आपल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात पडदा उघडताना मुलांच्या पोटात जो गोळा येतो तो त्यांनी अनुभवायलाच हवा. मराठी बालरंगभूमी अशीच मोठी झाली. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत लिटल थिएटर सुरू केलं तेव्हा त्यांनी मुलांच्या नाटकाला मोठ्यांच्या नाटकाइतकंच नेपथ्य, तेवढीच शिस्त आणि तेवढाच मान दिला. फक्त एकच करू नका. स्पर्धेची यादी आमच्या आठवड्याला चिकटवू नका. ती मुलं तिथं आहेतच.

आता वेळेबद्दल, आणि इथं मी थोडी चिडून लिहिणार आहे. दोन वर्षांपूर्वी एका गावात प्रयोग सहा वाजता ठरला होता. पाहुणे साडेसातला आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवालवाचन, अकरा जणांचा सत्कार, प्रत्येकाला शाल आणि नारळ, त्यातल्या चौघांची मनोगतं. आमची पोरं साडेपाचपासून पंख लावून, काजळाच्या मिशा काढून विंगेत उकिडवी बसली होती. खाल्लेलं नव्हतं, कारण मेकअप पुसला जाईल म्हणून कुणीतरी पाणीसुद्धा देऊ नका असं सांगितलं होतं. तिसरी घंटा वाजली तेव्हा सव्वानऊ झाले होते. पडदा उघडला, राजा पलंगावर तळमळतोय, मी म्हणते "आला, आला, डासांचा थवा आला", आणि कुणीच येत नाही. विंगेत बघितलं तर दहाच्या दहा डास लेव्हलवर एकमेकांच्या अंगावर डोकं टाकून गाढ झोपलेले. झोप उडालेल्या राजाचं नाटक, आणि डास झोपले. प्रेक्षकांना ते फार आवडलं, त्यांना वाटलं असंच आहे. मी दोघांना खांद्यावर घेऊन मंचावर फिरले आणि पुढे निघाले. घरी जाऊन मात्र मला रडू आलं.

तेव्हापासून माझी अट आहे. आधी नाटक, मग सत्कार. मुलांचे आईबाप कुठे जात नाहीत, ते थांबतात. पाहुण्यांनाही नाटक बघू द्या, त्यांनाही मनोगतात बोलायला काहीतरी मिळेल.

तासांचंही एक माप आम्ही पाळतो. २०१७ च्या बालकामगार नियमांत बालकलाकारांसाठी मर्यादा घातलेल्या आहेत. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार मोठं माणूस. हे नियम शूटिंगसाठी आणि व्यावसायिक कार्यक्रमांसाठी आहेत. आमच्या प्रयोगाला तिकीट नाही, तो तुमच्याच शाळेचा कार्यक्रम, त्यामुळे कुणी विचारायला येणार नाही. पण सीरियलमधल्या पोराला विश्रांती आणि आमच्या डासाला नाही, हे कसं चालेल? म्हणून दोन-दोन तासांच्या दोन तालमी, मध्ये जेवण, आणि चाळीस मुलांमागे आठ मोठी माणसं. आम्ही दोघं आहोत, सहा तुम्ही द्या. शिक्षकच पाहिजेत असं नाही. एका गावात खिचडी शिजवणाऱ्या दोन ताई आल्या होत्या. कुठलं पोर कशाला भितं, कुणाला सारखी लघवीला लागते, कुणाची कुणाशी भांडणं आहेत, सगळं त्यांना ठाऊक. इतका शांत मेकअप मी कधी बघितला नाही.

बाकी किरकोळ. तालमीची खोली आठवडाभर एकच असू द्या, मंगळवारी प्रयोगशाळा आणि बुधवारी व्हरांडा असं नको. तालमीतून मुलं रांगोळीला, खुर्च्या लावायला नेऊ नका. रेकॉर्ड डान्स बंद करा असं सांगायला मी येत नाही, पोरांना नाचायला आवडतं, नाचू द्या, फक्त डीजेवाल्याचा आणि आमचा वायरिंगचा बोर्ड वेगळा ठेवा. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात शहरातल्या शाळांनी मला बोलावू नये. मुलं येत नाहीत. मीही येत नाही. मानधनाचं फोनवर बोललो आहोत तेच, ज्या शाळेला झेपत नाही तिने सांगावं, भाकरी आणि शेंगाचटणीवरही आठवडा निघतो, हुरड्याचे दिवस असले तर आम्हीच वर काहीतरी देऊ.

सोमवारी सकाळी दहाला मैदानावर पहिली ते आठवीची सगळी मुलं हवीत. सगळी म्हणजे मागच्या भिंतीची, खिडकीतली आणि कालच दाखल झालेलीसुद्धा. हजेरीपत्रक मात्र लागेल, नावं बरोबर म्हणायला.

आपली,
नाटकवाल्या बाई
सोलापूर

ता. क. राजाची निळी उशी गेल्या हंगामात कुठल्यातरी शाळेत राहिली आहे. एका कोपऱ्याला लाल धाग्याने टाचलेली आहे. कुणाच्या स्टोअररूममध्ये दिसली तर बाजूला काढून ठेवा, गाडी तिकडून जाईल तेव्हा मामा घेऊन जातील.